फाटकाविना फलाट : व्हिएन्नातील सार्वजनिक वाहतूक

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हे सुमारे २० लाख वस्तीचे शहर असून, तेथील भुयारी रेल्वेच्या स्थानकात शिरताना प्रवाशाला सरकते फाटक, फिरता दांडा किंवा कार्ड टेकवल्यावर उघडणारे दार यांपैकी काहीही आडवे येत नाही. वाटेत एक लहानशी निळी पेटी तेवढी असते. तिच्या फटीत कागदी तिकिटाचे टोक सरकवले की त्यावर तारीख, वेळ आणि स्थानकाची खूण छापली जाते आणि प्रवासी सरळ फलाटावर जातो. ज्याच्याजवळ मुदतीचा पास आहे, त्याला या पेटीकडे पाहण्याचेही कारण नसते. ही खूण उमटवून घेणे ही सर्वस्वी प्रवाशाची जबाबदारी मानली जाते आणि ती पार पाडली की नाही, हे साध्या वेशातील तपासनीस अधूनमधून गाडीत किंवा स्थानकाच्या तोंडाशी पाहतात. बाहेरून आलेले अनेक पाहुणे नेमके येथेच फसतात. त्यांनी तिकीट विकत घेतलेले असते, पण त्यावर खूण नसल्यामुळे ते वापरात आलेलेच नाही असे धरले जाते, आणि नियम ठाऊक नव्हता ही सबब सहसा कामी येत नाही.

फाटक नसणे हा भोळेपणा नव्हे. गाडीत चढणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या खिशात वर्षाचा पास असेल, तर प्रत्येकाला दारात अडवून तपासण्याने थोडेसे बुडवे हाती लागतील आणि बाकीच्या सर्वांची खोटी होईल, हा त्यामागचा सरळ हिशेब आहे. व्हिएन्नात फिरणे सोपे का वाटते, याचे उत्तर शोधू गेल्यास याच स्वरूपाचे अनेक निर्णय हाती लागतात. वेगवेगळ्या पिढ्यांत आणि पुष्कळदा पैशाच्या ओढगस्तीत घेतलेल्या या निर्णयांनी प्रवाशाच्या वाटेतील तिकिटाचा, पायरीचा, अंतराचा आणि दराचा अडसर एकेक करून दूर केला.

आजची व्यवस्था चार प्रकारच्या वाहनांवर उभी आहे. ‘यू-बान’ ही भुयारी रेल्वे सुमारे ८३ किलोमीटर लांबीची असून तिचे यू-१, यू-२, यू-३, यू-४ आणि यू-६ असे पाच मार्ग अनुक्रमे लाल, जांभळ्या, नारिंगी, हिरव्या आणि तपकिरी रंगाने ओळखले जातात. जमिनीवर सुमारे १७० किलोमीटरचे ट्रामचे जाळे आहे, ट्राम जेथे पोचत नाही तेथे बस आहे, आणि या सर्वांना छेदून राष्ट्रीय रेल्वेची ‘एस-बान’ ही उपनगरी सेवा धावते. पहिल्या तीन सेवा ‘विनर लिनिएन’ ही महापालिकेच्या मालकीची कंपनी चालवते आणि चौथी केंद्र सरकारच्या मालकीची आहे. तरीही प्रवाशाला हा भेद कळण्याची गरज पडत नाही, कारण १९८४ मध्ये व्हिएन्ना व भोवतालच्या प्रदेशासाठी स्थापन झालेल्या वाहतूक-संघामुळे संपूर्ण शहर हा एकच दर-विभाग ठरला आहे. एकेरी तिकीट घेतलेल्या माणसाने एका दिशेने जाताना वाटेत न रेंगाळता ट्राममधून यू-बानमध्ये, तेथून एस-बानमध्ये आणि शेवटी बसमध्ये कितीही वेळा बदल केला तरी दुसरे तिकीट लागत नाही. या विभागाची हद्द मात्र ध्यानात ठेवावी लागते. श्वेखाट येथील विमानतळ शहराबाहेर असल्याने तेथून येताना पुढच्या विभागाचे जादा तिकीट घ्यावे लागते, आणि विमानतळासाठी धावणाऱ्या खास जलद गाडीला तर शहराचे कोणतेच तिकीट किंवा पास चालत नाही. साध्या उपनगरी गाडीने आल्यास थोडा वेळ अधिक लागतो, पण पैसे बरेच वाचतात.

एक शहर, एक तिकीट या कल्पनेचे मूळ १९८४ च्याही बरेच मागे सापडते. व्हिएन्नाला आपली पहिली शहरी रेल्वे १८९८ मध्ये मिळाली. ‘श्टाट्बान’ नावाच्या या रेल्वेचे उद्घाटन सम्राट फ्रान्झ योझेफ यांच्या हस्ते झाले आणि तिची स्थानके, पूल, कमानी, कठडे, इतकेच काय दिवेसुद्धा ओटो वाग्नर या वास्तुरचनाकाराच्या देखरेखीखाली घडले. कार्ल्सप्लात्स चौकातील १८९९ च्या दोन जोडमंडपांपुढे आजही क्षणभर थांबावे असे त्यांचे काम आहे : हिरव्या रंगाचा लोखंडी सांगाडा, त्यात बसवलेल्या पांढऱ्या संगमरवराच्या पातळ लाद्या आणि त्यांवर सोनेरी सूर्यफुलांची नक्षी. लोखंड झाकून दगडी इमारतीचा आव आणण्याऐवजी लोखंडालाच देखणे करण्याचा हा विचार त्या काळी नवा होता. शोनब्रुन राजवाड्याजवळ हीट्झिंग येथे वाग्नर यांनी सम्राटासाठी घुमटाकार छताचा स्वतंत्र मंडप बांधला, मात्र सम्राटाने त्याचा उपयोग अवघा दोनदा केला.

सौंदर्याने नटलेली ही रेल्वे प्रवाशांच्या मात्र फारशी उपयोगाची ठरली नाही. तिची आखणी करताना लष्कराच्या गरजांना मोठे वजन होते, वाफेच्या इंजिनांचा धूर खोलगट मार्गात कोंडत असे, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कोळसाच मिळेनासा झाल्याने ती बंद पडली. युद्धानंतर महापालिकेने तिचा मोठा भाग चालवायला घेऊन १९२५ मध्ये तेथे विजेच्या गाड्या सुरू केल्या आणि तिचे भाडे ट्रामच्या भाड्याशी जोडले. शहराची खरी वाहतूक-व्यवस्था या घटनेपासून सुरू झाली, असे म्हणायला जागा आहे. कारण रूळ तेच राहिले, पण मालकी आणि तिकीट बदलताच सम्राटाच्या भव्य प्रकल्पाचे रूपांतर कामगारांच्या रोजच्या गाडीत झाले. आजचे यू-४ आणि यू-६ हे मार्ग मुख्यतः याच जुन्या रेल्वेच्या वाटेवर उभे आहेत. त्यामुळेच यू-६ आपल्या भावंडांहून वेगळा आहे : इतर मार्गांना वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळते, तर यू-६ वर ती डोक्यावरच्या तारेतून येते, तेथे ट्रामच्या जातीच्या, खाली टेकलेल्या गाड्या धावतात, आणि गुर्टेल या रुंद रस्त्याच्या मधोमध वाग्नरच्या विटांच्या कमानींवरून त्या जात असताना भुयारी रेल्वेतील प्रवाशाला दुतर्फा घरांचे दुसरे मजले दिसतात.

नव्या भुयारी रेल्वेचा निर्णय १९६८ मध्ये झाला, पुढच्याच वर्षी कार्ल्सप्लात्स येथे खोदकाम सुरू झाले आणि यू-१ चा पहिला टप्पा २५ फेब्रुवारी १९७८ रोजी खुला झाला. जुन्या शहराच्या पोटात खणणे म्हणजे इतिहासाशी गाठ पडणे हे ओघानेच आले. सेंट स्टीफन कॅथेड्रलसमोरच्या चौकात १९७३ मध्ये काम चालू असताना तेराव्या शतकातील, पूर्णपणे विस्मरणात गेलेले एक भूमिगत प्रार्थनास्थळ सापडले. ‘व्हिर्गिलकापेले’ नावाची ही वास्तू तेथून हलवण्याऐवजी स्थानकाची रचना तिच्याभोवती बेतण्यात आली. आज गाडी बदलण्याच्या घाईत असलेल्या माणसाला स्थानकातील काचेतून खाली पाहिल्यास तिच्या दगडी भिंतीतील कोनाडे दिसतात. त्याच काळात शहरावर एक आघातही झाला. १ ऑगस्ट १९७६ रोजी, रविवारी पहाटे, डॅन्यूब नदीवरील राइक्सब्रुके हा मुख्य पूल कोसळला आणि त्यात एकाचा बळी गेला. वर्दळीची वेळ नव्हती म्हणून अनर्थ टळला. त्या जागी १९८० मध्ये झालेल्या नव्या पुलाच्या पोटातच यू-१ साठी रूळ घालण्यात आले आणि १९८२ मध्ये भुयारी रेल्वे नदीपलीकडच्या वस्तीत पोचली.

भुयारी रेल्वे आली म्हणून व्हिएन्नाने ट्राम मोडीत काढली नाही, ही गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोटारींना जागा करून देण्यासाठी जगभरातील शहरांनी ट्रामचे रूळ उखडले. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. व्हिएन्नातही काही मार्ग बंद झाले, पण १८६५ मध्ये घोड्यांनी ओढलेल्या आणि १८९७ मध्ये विजेवर आलेल्या ट्रामचे मुख्य जाळे टिकले. १९०७ मध्ये ठरवलेली तिची क्रमांकपद्धती आजही वाटाड्याचे काम करते. शहराभोवती वळसा घालणाऱ्या आडव्या मार्गांना साधारणपणे १ ते २० हे आकडे, मध्यापासून बाहेर फुटणाऱ्या मार्गांना त्यापुढचे आकडे आणि शहर आरपार ओलांडणाऱ्यांना अक्षरे, अशी ही मूळ वाटणी होती. पुढे त्यात अपवाद शिरले, तरी ४३ किंवा ४९ क्रमांकाची ट्राम दिसली की ती पश्चिमेच्या उपनगराकडे जाणारी, हे स्थानिक माणूस नकाशा न पाहता सांगतो.

शहर पाहायला आलेल्याने ‘डी’ ही ट्राम जरूर धरावी. मुख्य रेल्वेस्थानकाकडून निघालेली ही गाडी बेल्वेडेर राजवाड्यावरून रिंगश्ट्रासे या जुन्या तटबंदीच्या जागी झालेल्या वर्तुळाकार रस्त्यावर येते, संगीतिकागृह, संसद, नगरभवन आणि विद्यापीठ अशी सारी प्रतिष्ठेची स्थळे एकामागून एक दाखवते आणि शेवटी नुसडॉर्फ येथे द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी थांबते. पर्यटकांसाठीच्या महागड्या बसला जे जमत नाही ते साध्या तिकिटात होते. ७१ क्रमांकाच्या ट्रामचे शहराशी असलेले नाते अधिक गंभीर आहे. ती १८७४ मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती दफनभूमीच्या दारांवरून जाते, जेथे बेथोव्हन, शूबर्ट आणि ब्राम्स चिरविश्रांती घेत आहेत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत शववाहिका कमी पडू लागल्यावर ट्रामच्या रुळांवरून मृतदेह तेथे नेण्यात आले, आणि एखादा माणूस गेला हे सांगताना ‘त्याने ७१ धरली’ असे व्हिएन्नाकर अजूनही म्हणतात.

पायरीचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, परंतु वृद्ध, अपंग आणि बाबागाडी घेऊन निघालेले आईबाप यांच्या दृष्टीने सारा प्रवास त्यावरच अवलंबून असतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या ‘उल्फ’ या ट्रामचा तळ रस्त्यापासून वीतभरच उंच आहे आणि थांब्याच्या कट्ट्यावरून आत पाऊल टाकताना चढल्यासारखे वाटतही नाही. यू-बानच्या स्थानकांत लिफ्ट आहेत आणि अंध प्रवाशांच्या काठीला लागाव्यात अशा उंचवट्याच्या रेषा जमिनीत बसवल्या आहेत. गाडीत वागण्याचे काही नियमही नवख्याने जाणून घ्यावेत : दार आपोआप उघडेल म्हणून वाट पाहू नये, बटण दाबावे, आणि जानेवारी २०१९ पासून यू-बानमध्ये खाण्यास मनाई आहे. शुक्रवार, शनिवार आणि सणांच्या पूर्वरात्री यू-बान रात्रभर, दर १५ मिनिटांनी धावते. २०१० मध्ये शहराने नागरिकांचा कौल घेतला, तेव्हा बहुसंख्यांनी या रात्रसेवेच्या बाजूने मत दिले होते.

या सर्वांचे पैसे कोठून येतात, हा प्रश्न अर्थातच टाळता येणार नाही. मे २०१२ मध्ये वार्षिक पासाची किंमत ४४९ युरोवरून ३६५ युरोवर, म्हणजे दिवसाला एक युरोवर आणली गेली आणि या आकड्याने युरोपभर व्हिएन्नाचे नाव झाले. पास घेणाऱ्यांची संख्या वाढत जाऊन शहरातील नोंदणीकृत मोटारींच्या संख्येपुढे गेली. तथापि, या यशाचे सारे श्रेय स्वस्ताईला देणे चुकीचे ठरेल. त्याच वेळी सुटे तिकीट आणि बिनतिकीट प्रवासाचा दंड वाढवण्यात आला होता, रस्त्यावर मोटार उभी करण्याचे शुल्क चढवले गेले होते, आणि १९७० पासून मालकवर्गावर असलेला भुयारी रेल्वेचा कर दर नोकरामागे आठवड्याला २ युरो इतका करण्यात आला होता. मार्च २०२२ पासून तर जवळजवळ संपूर्ण शहरात बाहेरच्या माणसाला मोटार उभी करण्यासाठी पैसे मोजावे लागतात. पास स्वस्त झाला तो अशा रीतीने. खर्च नाहीसा झाला नाही, त्याची विभागणी बदलली. हे लक्षात न घेता केवळ ३६५ हा आकडा उचलणाऱ्या शहरांच्या पदरी निराशा येणे साहजिक आहे. खुद्द व्हिएन्नालाही तो कायम राखता आला नाही : अंदाजपत्रकातील तुटीमुळे १ जानेवारी २०२६ पासून वार्षिक पास ४६७ युरोंना झाला. ज्या दराने लोकांच्या सवयी बदलल्या तो दर सोडण्याची किंमत शहराला पुढे मोजावी लागू शकते, आणि ती तिजोरीच्या जमाखर्चात दिसायला वेळ लागेल.

बांधकाम मात्र थांबलेले नाही. जुन्या विमानतळाच्या जागेवर वसवलेल्या झेश्टाट या नव्या उपनगरात यू-२ ऑक्टोबर २०१३ मध्ये पोचली, तेव्हा तेथे घरे जवळजवळ नव्हतीच. पहिले रहिवासी पुढच्या वर्षी आले, त्यामुळे मोटार घेण्याची सवय लागण्यापूर्वीच त्यांच्या दारात गाडी होती. मार्गांच्या यादीत इतकी वर्षे रिकामा राहिलेला पाच हा आकडाही आता भरला जात आहे. यू-५ हा मार्ग चालकाविना धावणार असून त्याचा मोरपंखी रंग नागरिकांच्या मतदानाने निवडला गेला. त्यासाठी यू-२ चा जुना तुकडा वापरात येणार असल्याने तेथील फलाटांच्या कडेला, गाडी थांबल्यावरच उघडणारी काचेची दारे बसवावी लागली. हा तुकडा १९६६ मध्ये मुळात ट्रामसाठी बांधलेले भुयार होते. काम चालू असताना २०२१ ते २०२४ या काळात शॉटनटोर आणि कार्ल्सप्लात्स यांच्या दरम्यानची यू-२ बंद राहिली, तेव्हा तिच्या प्रवाशांची सोय करण्यासाठी शहराने जमिनीवर एक जादा ट्राममार्ग सुरू केला.