वायफाय बिघडले नव्हते, बंद होते

मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला दोन दिवस उरले होते आणि आमच्या घरच्या जुन्या लॅपटॉपचे वायफाय गायब झाले. त्यावर लिनक्स आहे. तीनदा बंद-चालू केले, फरक पडला नाही. परतवाड्यातल्या एका दुकानात दाखवले, तर उत्तर मिळाले, "कार्ड गेले, नवे टाकावे लागेल." पैसे मोजणार तेवढ्यात भाच्याचा पुण्याहून फोन आला, "मामू, थांबा. आधी कुलूप बघा."

कुलूप म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ बंद करण्याची सोय. विमानात अशी यंत्रणा कधी कधी बंद ठेवावी लागते, बॅटरीही वाचते, म्हणून ती दिलेली असते. लिनक्समध्ये तिला आरएफकिल म्हणतात.

टर्मिनल उघडून इंग्रजी लहान अक्षरांत आर-एफ-के-आय-एल-एल, एक जागा सोडून एल-आय-एस-टी असे लिहावे आणि एंटर दाबावे. वायफायखाली दोन ओळी दिसतात. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे यस असेल, तर कुलूप लिनक्सने लावले आहे. लिस्टच्या जागी 'अनब्लॉक ऑल' हे दोन शब्द इंग्रजीत लिहिले की ते उघडते. नकार मिळाला, तर ओळीच्या सुरुवातीला एस-यू-डी-ओ जोडून पुन्हा करावे. बऱ्याच लिनक्समध्ये बंद करतानाची स्थिती जपली जाते, त्यामुळे नुसते बंद-चालू करून हे कुलूप निघत नाही.

'हार्ड ब्लॉक्ड'पुढे यस असेल, तर लिहून काही होत नाही. लॅपटॉपच्या कडेला सरकते बटण शोधावे, किंवा एफएन दाबून विमानाचे चित्र असलेले बटण दाबावे. काही लॅपटॉपना असे बटणच नसते, तरी लिनक्सला ते बंद आहे असे चुकून वाटते. तिथे लिनक्स अद्ययावत करून पाहावे, नाहीतर जाणकाराला दाखवावे.

यादीत वायफायचे नावच नसेल, तर मात्र कार्डाची शंका घ्यावी.

आमच्याकडे हार्ड ब्लॉक निघाला. पिशवीतून काढताना पुढच्या कडेचे बारीक बटण सरकले होते. बोटाने ढकलले आणि वायफाय आले. अर्ज त्याच रात्री भरला.

घाई असेल, तर मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टिथरिंग सुरू करावे. वायफायला कुलूप असले तरी त्यावर इंटरनेट चालते. अर्ज आधी भरावा, दुरुस्ती नंतर करावी.