पाळ्यांवर चाललेला हिवाळा

हवामानवाल्यांनी २०२२ च्या हिवाळ्याचा निकाल लावला तो असा: न्यूझीलंडच्या नोंदींतला तोवरचा सर्वांत उबदार आणि सर्वांत ओला हिवाळा. जुलैने तर पावसाच्या बाबतीत आधीचे सगळे जुलै मागे टाकले. ओला म्हणाल तर मान्य. उबदार मात्र तो ज्या कोणाला लागला असेल, त्याच्या घरात तीन वर्षांचं पोर नसणार आणि हॉलमध्ये स्टँडवर वाळत घातलेले कपडेही नसणार.

आपल्याकडे पाऊस आणि थंडी यांच्यामध्ये दिवाळी तरी असते. ऑकलंडमध्ये जून ते ऑगस्ट दोन्ही एकदमच मुक्कामाला येतात. आकडे पाहिले तर विशेष काही नाही. दुपारी चौदा-पंधरा अंश, पहाटे सात-आठ. पुण्या-नाशिकची डिसेंबरातली पहाट कधीकधी एवढीच गार असते. पण तिथे दहा वाजता ऊन पडतं आणि माणूस गच्चीवर जाऊन बसतो. इथे ओल भिंतीतून आत येते. सकाळी उठल्यावर पहिलं काम खिडक्या पुसण्याचं, कारण काचांवर आतून पाणी साचलेलं असतं आणि ते तसंच राहिलं की पडद्यांना बुरशी धरते. भाड्याच्या घरात बैठकीची खोली अठरा अंशांपर्यंत तापवू शकेल असा हीटर घरमालकाने बसवायचा, असा इथे कायदा आहे. चांगला कायदा आहे. फक्त तो बैठकीच्या खोलीपुरता आहे, आणि पोरं खोकतात रात्री, बेडरूममध्ये.

आमचा ईस्ट टामाकी हा ऑकलंडच्या आग्नेय अंगाचा भाग. पाहुण्यांना फिरवायला इथे कोणी आणत नाही. हायब्रुक, स्प्रिंग्ज रोड, हॅरिस रोड, जिकडे बघावं तिकडे गोदामं, कारखाने आणि कंटेनर लादलेले ट्रक. पूर्वी इथे शेतं होती आणि त्यांच्यामधून डोकं वर काढणारे छोटे ज्वालामुखी. त्यांतला ग्रीनमाउंट दगडासाठी खणून काढला आणि उरलेल्या खड्ड्यात शहराचा कचरा भरला. रेल्वे इथवर येत नाही. त्या वर्षी एप्रिलपासून सरकारने बस-रेल्वेची तिकिटं निम्म्यावर आणली होती, पण पहाटे साडेपाचला हायब्रुकला पोचायचं तर गाडीच काढावी लागे. हा सगळा मुलूख पाळ्यांवर चालतो. आमचं घरही त्या हिवाळ्यात पाळ्यांवर चाललं.

नवरा एका गोदामात पहाटेच्या पाळीला, सहा ते अडीच. मी हिशेबाच्या कामाला, साडेआठ ते पाच, त्यातले काही दिवस घरून. लेकीला तीन पूर्ण झाली होती, म्हणजे आठवड्याला वीस तासांच्या बालशिक्षणाचा खर्च सरकार उचलणार, दिवसाला जास्तीत जास्त सहा तास. कागदावर सगळं बसत होतं. फ्रिजवर मी एक तक्ता लावला होता, कोण सोडणार, कोण आणणार, कोणाचा स्वयंपाक. तो लेक ठणठणीत आहे असं गृहीत धरून केलेला होता.

दोन हिवाळे देशाच्या सीमा बंद होत्या, मार्च २०२० पासून. त्या काळात फ्लू जवळपास दिसेनासाच झाला होता. आमच्या लेकीच्या वयाच्या पोरांनी बाहेरचे जंतू असे फारसे पाहिलेच नव्हते. २०२२ मध्ये दारं उघडली आणि सगळी थकबाकी एकदम वसूल झाली: फ्लू, कोविड, साधी सर्दी, पोटाचं. पोटाचं असेल तर शेवटची उलटी-जुलाब झाल्यापासून अठ्ठेचाळीस तास डेकेअरला पाठवायचं नाही. घरात एकाला जरी कोविड निघाला तरी सगळ्यांनी सात दिवस दाराच्या आत. नंतर दुसऱ्याला निघाला की त्याचे सात दिवस नव्याने मोजायचे. आमच्याकडे ते ओळीने झालं, आधी नवरा, मग मी. लेक मात्र सोफ्यावरून उड्या मारत होती. आजारपणाची रजा आदल्या वर्षीच्या जुलैत वर्षाला पाचावरून दहा दिवस झाली होती आणि मूल आजारी असलं तरी तीच वापरता येते. दोघांची मिळून वीस. ऐकताना भरपूर वाटते. जुलै संपता संपता दोघांचीही खाती तळाला गेली.

मग सुरू झाला खरा तक्ता. लेक घरी असेल त्या दिवशी सकाळची पाळी माझी, मांडीवर ती आणि टेबलावर लॅपटॉप. अडीचला नवरा सुटला की मी तिला गाडीत घालून माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये न्यायचे. तो तिथे यायचा. इंजिन चालू, वायपर चालू, आणि खिडकीतून निरोप: ताप एवढा, औषध एवढ्या वाजता दिलं, भात खाल्ला नाही, दूध प्यायली. गोदामात पाळी बदलताना एक माणूस दुसऱ्याला असंच सांगतो, असं नवरा म्हणायचा, कुठलं यंत्र कुरकुरतंय, कुठल्या मालाकडे लक्ष ठेवायचं. मी रात्री आठपर्यंत राहिलेलं काम उरकायचे. घरी यायचे तेव्हा दोघंही झोपलेले, एक जण पहाटे उठायचं म्हणून आणि दुसरी थकून.

परदेशी गेलेल्या मराठी माणसांबद्दल बोलताना 'एकत्र कुटुंब सोडून विभक्त कुटुंबात गेले' असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. विभक्त कुटुंबात निदान आई-बाप आणि मूल तरी एकत्र असतात. आम्ही एका छपराखाली राहून तिघंही एकाच वेळी जागे असायचो ते बहुतेक रविवारी. आसपासच्या घरांतही हेच चालू होतं. आमच्या शेजारचं सामोअन कुटुंब तेवढं सुखी म्हणायचं, त्यांच्याकडे आजी, मावशी आणि दोन मोठे चुलतभाऊ होते. त्यांच्या घरातून सगळ्यांत जास्त आवाज यायचा आणि त्यांचीच पोरं वेळेवर शाळेत जायची.

चौदा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरकडे पैसे पडत नाहीत, हे खरंच मोठं सुख. फक्त त्या हिवाळ्यात वेळ मिळेपर्यंत आजार बरा होऊन पुढचा सुरू झालेला असायचा. १ जुलैपासून तीन ते बारा वर्षांच्या मुलांना फ्लूची लस मोफत झाली. लेक नेमकी त्यात बसली, ती टोचून आणली. रात्री-बेरात्री आधार हेल्थलाइनचा. त्या नंबरवर चोवीस तास नर्स बोलते. एका रात्री मी फोनवर सांगितलं, सर्दी फार आहे, पातेल्यात पाणी उकळून वाफारा देऊ का? पलीकडून नर्सने शांतपणे पण ठामपणे नाही म्हटलं. लहान मुलं पातेल्याला धक्का मारतात आणि भाजून घेतात. द्यायचाच तर बाथरूममध्ये गरम शॉवर सोडा आणि तिला बाहेर मांडीवर घेऊन बसा. तशी मी बसले, मध्यरात्री, कमोडच्या झाकणावर.

यातली एक गंमत मला पुढे लक्षात आली. आमच्या घरापासून काही मिनिटांवर फिशर अँड पायकल हेल्थकेअरचं मुख्यालय आहे. ही कंपनी जगभरच्या रुग्णालयांना जे यंत्र पुरवते, ते मूलतः श्वासाची हवा उबदार आणि दमट करण्याचं. त्याची सुरुवात १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाली. ऑकलंडमधले डॉक्टर मॅट स्पेन्स यांना अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना कोरडी हवा नको होती, आणि पहिला नमुना तयार झाला तो फळं साठवायच्या काचेच्या बरणीतून. बरणी, पाणी, ऊब. कोविडच्या लाटेत याच यंत्रांना जगभरातून मागणी होती. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग एवढ्या रात्री फोन कशाला केलास? मलाच विचारायचं की."

त्यांना विचारायचं तर वेळ जमवावी लागे. हिवाळ्यात इथलं घड्याळ भारताच्या साडेसहा तास पुढे असतं. आमचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे त्यांच्या मिरजेत दुपारचे बारा. लेकीचं रात्रीचं जेवण आणि आजीचं दुपारचं, दोन्ही ताटं समोरासमोर, मध्ये फोन. कोणी ठरवून केलेलं नव्हतं, होऊन गेलं. "आजी, तू काय खातेस?" "शेपूची भाजी." "ई!" आणि मग आजीकडून शेपूचे गुण. मी घरी असले की त्या अर्ध्या तासात भांडी घासून घ्यायचे. हिशेब मांडायचा तर आठवड्याचे साडेतीन तास, आजीने सात हजार मैलांवरून सांभाळलेले. आमच्या तक्त्यात तेवढी एकच पाळी कधी चुकली नाही.

त्या वर्षी २४ जूनला मातारिकीची पहिली सार्वजनिक सुट्टी आली. माओरी नववर्ष, भर हिवाळ्यात पहाटे ईशान्येला उगवणाऱ्या तारकापुंजावरून मोजलेलं. डेकेअरमधून लेकीने चंदेरी कागदाचे नऊ तारे आणले. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. इथे सूर्य साडेसातला उगवतो, त्यामुळे पहाटेचे तारे बघायला पोराला फार लवकर उठवावं लागत नाही, पण ढगांनी काही दिसू दिलं नाही. मी तिला गोष्ट सांगितली की कार्तिकेयाला या सहा जणींनी मिळून वाढवलं. सहा जणी! तिला गोष्ट नेहमीसारखीच वाटली. मला त्या दिवशी कार्तिकेयाच्या घरच्या तक्त्याचा हेवा वाटला.

१० जुलैची आषाढी शाळांच्या सुट्टीच्या पहिल्या रविवारी पडली. दोन वर्षांनी वारी पुन्हा चालत पंढरपूरला पोचली होती. फोनवर ती बघत आम्ही कुमाऱ्याचा कीस खाल्ला. इथली ही रताळी सोनेरी सालीची घेतली तर कीस छान मोकळा होतो. लाल सालीची मला नाही आवडत.

आणि सीमा. २ मे रोजी देश पाहुण्यांना उघडला, पण व्हिसा न लागणाऱ्या देशांतल्या लोकांना आणि ज्यांच्या हातात आधीचा व्हिसा होता त्यांना. भारत त्या यादीत नाही. सगळ्यांसाठी दार उघडलं ते ३१ जुलैच्या रात्री. आमच्यासारख्या वर्क व्हिसावरच्यांसाठी एकदाच निघालेल्या '२०२१ रेसिडेंट व्हिसा'च्या अर्जांची मुदतही त्याच दिवशी संपली. एका तारखेला आम्ही इथले होण्याचं दार मिटलं आणि आजी-आजोबांचं उघडलं. आमचा अर्ज आधीच गेला होता, म्हणून हे आज मजेत लिहिता येतंय. ज्यांचे कागद अडकले होते त्यांची त्या आठवड्यातली झोप मी पाहिली आहे.

सासूबाईंचा व्हिसा आला तोवर हिवाळा सरला होता. ३१ ऑगस्टला गणपती बसले ते आमच्या तिघांतच. १२ सप्टेंबरला बहुतेक ठिकाणची मास्कची सक्ती गेली, घरच्यांचं सात दिवसांचं कोंडून राहणंही गेलं. २५ सप्टेंबरला घड्याळं तासभर पुढे गेली आणि जेवणाची ती वेळ मोडली. मिरजेत आता अकराच वाजत होते आणि अकराला जेवायला आजींनी साफ नकार दिला.

ऑक्टोबरात त्या आल्या. विमानतळावर चुकून एखादं फळ जाहीर करायचं राहिलं तरी चारशे डॉलरचा दंड, हे इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांनी घरच्या मेतकुटापासून सुपारीच्या डबीपर्यंत सगळं अधिकाऱ्यापुढे मांडलं आणि प्रत्येक वस्तूचा उपयोगही मराठीत समजावला. लेक पहिले दोन तास माझ्यामागे लपली. फोनमधल्या आजीला पाय असतात हे तिने गृहीत धरलेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फ्रिजसमोर चष्मा लावून उभ्या होत्या. तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात माझं नाव नाही."

नवरा म्हणाला, "आई, तू दुपारची घे. दोन ते पाच. आमची सगळी अडचण तीच आहे."

"दुपारची नको," त्या म्हणाल्या. "दुपारी मी झोपते."