कपाटातील पुस्तके आणि रोजची वही

पावसाळा सरून आश्विनाचे ऊन पडू लागले, म्हणजे घरोघरी कपाटे उघडली जातात आणि कपड्यांबरोबर पुस्तकेही उन्हात येतात. पाने उलटून पाहावी, तो कोठे कसर लागलेली असते, तर कोठे बांधणीतील खळ खाऊन किड्यांनी पुस्तकाची पाठ सुटी केलेली असते. नीट पाहिले तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. जी पुस्तके वारंवार हाताळली जातात, त्यांना ही कीड क्वचितच लागते. कसरीला अंधार, ओल आणि निवांतपणा हवा असतो. आणि तो तिला न उघडलेल्या पुस्तकांतच मिळतो.

अशी न उघडलेली पुस्तके एका घरात इतकी कशी साचतात? काही बक्षीस म्हणून आलेली असतात. काही थोरल्या भावंडांची मागे राहिलेली असतात. काही ग्रंथप्रदर्शनात सुंदर वेष्टन पाहून हौसेने घेतलेली असतात, आणि दोन-चार तरी मित्राकडून आणून परत करावयाची राहून गेलेली असतात. ही शेवटची पुस्तके ज्याची त्याला आधी पोचवावी. त्यांचा विचार करण्याचे कारणच नाही. उरलेल्यांविषयी मात्र मनाची एक विचित्र फसवणूक होते. पुस्तक आपल्या कपाटात आहे, एवढ्यावरूनच त्यातील ज्ञान आपल्याजवळ आहे असे वाटू लागते. शिवाय ‘आधी हे संपवू, मग ते घेऊ’ असे म्हणता म्हणता कोणतेच हाती घेतले जात नाही.

अशा पुस्तकांची निवड करावयाची ती घाईने करू नये. प्रत्येक पुस्तक उघडून त्याची दहा पाने तरी वाचावी. पुढे वाचावेसे वाटले, तर ते कपाटात परत न ठेवता उशाशी ठेवावे. बाराव्या वर्षी कळले नाही म्हणून ज्ञानेश्वरी कोणी देऊन टाकू नये. काही ग्रंथ आपण मोठे होण्याची वाट पाहत असतात. तसेच ज्या पुस्तकावर आजोबांच्या हातचे आशीर्वादाचे दोन शब्द आहेत, ते वाचले जावो वा न जावो, घरातच राहावे. ते पुस्तक म्हणून नव्हे, आठवण म्हणून राहते, एवढेच ओळखून असावे.

या सर्वांतून वगळून जी उरतात, ती दुसऱ्याच्या हाती गेली पाहिजेत. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली या शास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. ग्रंथ वापरासाठी असतात, हा त्यांतील पहिला. आणि प्रत्येक ग्रंथाला कोठे तरी त्याचा वाचक असतो, असे त्यांतील आणखी एक नियम सांगतो. आपल्याला नीरस वाटलेले पक्ष्यांवरील पुस्तक दुसऱ्या आळीतील एखादा मुलगा कित्येक दिवस शोधत असेल. ते आपल्या कपाटात बंद असेपर्यंत त्याची आणि पुस्तकाची गाठ पडावयाची नाही. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता व अनुदान मिळण्याची सोय झाली. तरीही लहान गावातील वाचनालयात मुलांच्या पुस्तकांची उणीव पुष्कळदा असतेच. मात्र फाटकी, पाने गळालेली पुस्तके तेथे नेऊन टाकणे म्हणजे आपल्या घरातील केर दुसऱ्याच्या दारात लोटणे होय. ते दान नव्हे.

पुस्तक देण्यापूर्वी एक लहानसे काम करावे. एका वहीत तारीख घालून पुस्तकाचे व लेखकाचे नाव लिहावे, ते घरी कसे आले हे लिहावे, आणि आपण ते का वाचले नाही, हेही चार ओळींत लिहावे. पहिल्या दोन-तीन पुस्तकांपुढे ‘वेळ मिळाला नाही’ असेच लिहिले जाईल. चौथ्या वेळी तेच शब्द लिहिताना लेखणी अडखळेल, आणि मग खरे कारण कागदावर उतरेल: भाषा कठीण वाटली, किंवा मित्राने घेतले म्हणून आपणही घेतले, मनातून ते नकोच होते. स्वतःविषयी असे खरे वाक्य लिहिता येणे ही लेखनाची पहिली पायरी आहे. पुस्तके संपतील, पण वही संपलेली नसेल. तीच पुढे रोज चालवावी.

रोजच्या लेखनाने काय साधते, हे साने गुरुजींच्या चरित्रावरून दिसते. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील वसतिगृहाचे कामही पाहत. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढीत. त्याला छापखाना नव्हता. सारा मजकूर गुरुजी स्वतःच्या हाताने लिहीत. शाळेतील अध्यापन, आजारी मुलांची शुश्रूषा, खोल्यांची झाडलोट, हे सर्व सांभाळून हे लेखन होई. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. ऐकणाऱ्याला हे पाच दिवस आश्चर्याचे वाटतात. त्यांच्या मागे आईच्या आठवणींनी भरलेले मन होते, तसाच अमळनेरला दिवसेंदिवस लिहून तयार झालेला हातही होता.

समर्थ रामदासांनी तर दासबोधातील एक संपूर्ण समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षरांचे वळण, ओळींमधील अंतर, शाई, लेखणी, कागद, यांचा त्यात बारकाईने विचार आहे. ग्रंथाच्या आरंभीचे अक्षर आणि शेवटचे अक्षर सारखेच दिसावे, असा त्यांचा आग्रह आहे. एके दिवशी खूप लिहून आठ दिवस स्वस्थ बसणाऱ्याच्या हाताला असा सारखेपणा येत नाही.

म्हणून वहीसाठी वेळ ठरलेली असावी. दिवेलागणीनंतरची पंधरा मिनिटे पुरेत. एखादा दिवस चुकला, तर त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहू नये. तो कंटाळ्याचा आरंभ असतो. ‘आज पाऊस पडला’ एवढेच लिहिण्यापेक्षा त्या पावसात शाळेच्या पत्र्यावर कसा आवाज झाला, फळ्यावरचे शिकवणे कोणाला ऐकू आले नाही, आणि गुरुजींनी मग काय केले, हे लिहावे. मोठे शब्द शोधीत बसू नये. महिन्याअखेरीस मागची पाने वाचून पाहावी. आपण लिहिलेले वाक्य आपल्यालाच कळले नाही, तर ते नव्याने लिहावे.