पुश होत नाहीये? आधी एरर तरी वाचा!

प्रोजेक्ट सबमिशनची आदली रात्र, आणि गिटहबवर कोड जाता जात नाही. मग कुणी वायफाय बंद-चालू करतं, कुणी लॅपटॉप रीस्टार्ट करतं, तर कुणी थेट फोल्डरच उडवून नव्याने क्लोन करतं. खरा घोळ इथेच होतो. कमिट केलेलं काम तुमच्याच लॅपटॉपवर असतं. पुश अडलं म्हणून ते जात नाही, फोल्डर डिलीट केलं की मात्र जातं! म्हणून फोल्डरला हात लावू नका, एरर वाचा. गाडी कुठे अडलीये, ते तोच सांगतो.

कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट : सर्व्हरचा पत्ताच सापडलेला नाही. नेट चालू आहे का आणि लिंकचं स्पेलिंग बरोबर आहे का, बघा.

कनेक्शन टाइम्ड आउट : पत्ता सापडला, पण पोहोचता येईना. एसएसएच 22 नंबरच्या पोर्टवरून जातं आणि कॉलेजच्या नेटवर्कवर हा पोर्ट बंद असू शकतो. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. चाललं, तर दोष नेटवर्कचा. मग एचटीटीपीएसची लिंक वापरा. ती 443 पोर्टवरून जाते, म्हणजे नेहमीच्या वेबसाइट जिथून उघडतात तिथूनच.

परमिशन डिनाइड, पब्लिक की : खूश व्हा, सर्व्हरपर्यंत पोहोचलात! फक्त त्याने तुम्हाला ओळखलं नाही. तुमची पब्लिक की अकाउंटच्या सेटिंग्जमध्ये टाकलीये का, तपासा.

ऑथेंटिकेशन फेल्ड : पासवर्ड बरोबर असूनही? साहजिक आहे. 13 ऑगस्ट 2021 पासून गिटहब गिटच्या कामासाठी अकाउंटचा पासवर्ड घेतच नाही. त्याजागी पर्सनल ॲक्सेस टोकन टाका.

एरर 403 आणि त्यात भलत्याचंच युजरनेम : लॅबच्या पीसीवर हमखास दिसणारा प्रकार. आधी बसलेल्याचं लॉगिन विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये राहिलेलं असतं. ते काढा. उठताना स्वतःचंही काढा, नाहीतर पुढचा तुमच्या अकाउंटवरून पुश करेल!

होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड : हा मात्र हलक्यात घेऊ नका. 24 मार्च 2023 ला गिटहबने आपली आरएसए की बदलली, तेव्हा अनेकांना हा इशारा दिसला होता. पण मध्येच कुणी सर्व्हरचं सोंग घेऊन बसलं असेल, तरीही हाच दिसतो. गिटहबने जाहीर केलेल्या फिंगरप्रिंटशी जुळवा, मगच पुढे जा.

एवढं करूनही अडलंच, तर ग्रुपवर नुसतं 'होत नाहीये यार' टाकू नका. पूर्ण एररचा स्क्रीनशॉट टाका. फक्त त्यात तुमचं टोकन दिसत नाहीये ना, ते पाठवण्याआधी बघा!