हाकोने राहिलं, कोजागिरी झाली: टोकियोत आई-बाबांसोबत १९ नंबरचं वादळ

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की ऑक्टोबरात आई-वडिलांना घेऊन जपानला जायचं आहे, वादळांची भीती बाळगायची का? उत्तर एका वाक्यात देता येईल, पण मग आमची गोष्ट सांगायची राहील. म्हणून आजचा भाग टोकियोतल्या त्या चार दिवसांवर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलताना जे विस्कळीत झालं होतं ते थोडं नीट लावून घेतलंय.

तर, ऑक्टोबर २०१९. आम्ही पाच जण: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझे आई-बाबा. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, त्यामुळे पाणी या विषयावर त्यांना कुणी शिकवलेलं चालत नाही. माझा धाकटा भाऊ टोकियोत निशि-कासाईला राहतो. तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, मराठी माणसंही पुष्कळ. आम्ही आसाकुसाला हॉटेल घेतलं होतं, नवव्या मजल्यावर. शनिवारी, १२ तारखेला हाकोनेला जायचं, एक रात्र राहायचं, फुजी बघायचा आणि रविवारी परत येऊन भावाच्या घरी कोजागिरी करायची, असा बेत. मुलाचं घर आई पहिल्यांदाच बघणार होती. मसाला दुधाचा मसाला तिने पुण्याहून करून आणला होता.

गुरुवारी रात्री भावाचा फोन आला. "ताई, हाकोने विसर. शनिवारी १९ नंबर येतंय."

१९ नंबर म्हणजे काय?

आपण वादळांना नावाने ओळखतो. जपानमध्ये बातम्यांत आणि रोजच्या बोलण्यात नंबर चालतो. जानेवारीपासून वर्षातलं पहिलं ते १ नंबर, मग पुढे मोजत जायचं. आंतरराष्ट्रीय नावही असतंच, या वादळाचं होतं हागिबिस. ते फिलिपिन्सने सुचवलेलं, अर्थ 'वेग'. जपानी शब्द ताइफू, त्यालाच आपण टायफून म्हणतो. टायफून, हरिकेन आणि आपलं चक्रीवादळ ही एकाच प्रकारच्या वादळाची नावं, समुद्र बदलला की नाव बदलतं. पश्चिम पॅसिफिकमध्ये वर्षाला सरासरी २५ टायफून तयार होतात आणि त्यातले सुमारे ३ जपानच्या मुख्य बेटांवर धडकतात. बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पण ऑक्टोबरही सुटलेला नाही.

शुक्रवारी सकाळी बाबा टीव्हीवरचा नकाशा बघून म्हणाले, "अगं, हे बघ, वर्तुळ पुढे पुढे मोठं होत चाललंय. म्हणजे वादळ पसरून विरळ होतंय."

चांगली शिकली-सवरलेली माणसंही इथे चुकतात, म्हणून सांगते. जपानी नकाशावर तुटक रेषेचं जे वर्तुळ दिसतं, ते वादळाचा आकार दाखवत नाही. त्या वेळेला वादळाचं केंद्र त्या वर्तुळात कुठेतरी असण्याची शक्यता ७० टक्के, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या दिवसांचा अंदाज जास्त अनिश्चित, म्हणून वर्तुळ मोठं. जोराचा वारा कुठवर पोचेल ते वेगळ्या, लाल रेषेने दाखवतात. दुसरी गोष्ट वाऱ्याच्या वेगाची. आकडा सेकंदाला इतके मीटर असा येतो. "४०" ऐकून आपल्याला फार वाटत नाही. त्याला ३.६ ने गुणा: ताशी १४४ किलोमीटर. हे गणित मी मुलाला करायला लावलं आणि बाबा गप्प झाले.

गाड्या आधीच बंद करतात

मुंबईत पाणी भरलं की मग लोकल थांबते. जपानमध्ये अलीकडे उलटं करतात. वादळ यायच्या आदल्या दिवशीच रेल्वे जाहीर करते, की उद्या अमुक वाजल्यापासून गाड्या टप्प्याटप्प्याने बंद. याला तिकडे 'नियोजित बंद' म्हणतात. शुक्रवारीच कळलं होतं, की शनिवारी दुपारी एकपर्यंत टोकियोतल्या जेआरच्या जवळपास सगळ्या गाड्या थांबणार. डिस्नेलँड दिवसभर बंद. रग्बी वर्ल्ड कपचे शनिवारचे दोन सामने रद्द. पर्यटकाला राग येतो, आम्हालाही आला. पण यात एक माया आहे: तुम्ही भर रस्त्यात अडकत नाही. जिथे रात्र काढायची तिथे आधीच पोचता.

आमचा प्रश्न तोच होता. रात्र कुठे काढायची?

आईचं मत ठाम होतं. "संकटात सगळ्यांनी एका छपराखाली असावं. आपण त्याच्या घरी जाऊ." आणि ते चुकीचं कसं म्हणायचं? घरी भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी. मलाही तिकडेच जावंसं वाटत होतं.

भाऊ मात्र नाही म्हणाला. आईला वाटलं, त्याला आपण नको आहोत. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खिडकीशी बसून होती. खरं कारण त्याने मला नंतर वेगळा फोन करून सांगितलं. एडोगावा वॉर्ड, म्हणजे निशि-कासाई ज्या भागात येतं तो, अराकावा नदी, एडोगावा नदी आणि समुद्र यांच्यामध्ये आहे. वॉर्डातली सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. मे २०१९ मध्ये वॉर्डाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला, त्याच्या मुखपृष्ठावरच छापलं होतं, की मोठा पूर येणार असेल तेव्हा इथे थांबू नका. सरकारी कागदावर इतकं सरळ वाक्य आपण कधी वाचतो? नद्या फुटल्या तर काही भागांत पाणी दोन आठवडे राहू शकतं, हेही त्यात होतं. आणि भावाचं घर दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे आपल्या हिशोबाने पहिल्या. जपानमध्ये तळमजला हाच पहिला मजला.

त्यात रविवारी पौर्णिमा. पौर्णिमेला उधाणाची भरती असते, आणि वादळ समुद्राचं पाणी आणखी वर ढकलतं. आई ज्या चंद्राची वाट बघत होती, तोच चंद्र भावाला नको होता.

"मग तुम्ही इकडे या," मी म्हटलं. हॉटेलात खूप बुकिंग रद्द झाली होती, त्यामुळे आमच्याच मजल्यावर एक खोली मिळाली. आसाकुसाही सुमिदा नदीच्या काठावर आहे, पुराच्या नकाशात तेही येतं. पण पक्क्या इमारतीचा नववा मजला पुरापेक्षा बराच उंच. बाहेर पडणं जमत नसेल तर वर जाणं, हाही सुरक्षित होण्याचा मान्य मार्ग आहे. शनिवारी सकाळी गाड्या बंद व्हायच्या आत ते तिघं पोचले. नातीला मांडीवर घेतल्यावर आईचा रुसवा गेला.

तो शनिवार

शुक्रवारीच दुकानांतला पाव संपला होता. महिनाभरापूर्वी, सप्टेंबरात, १५ नंबरच्या वादळाने शेजारच्या चिबा भागात कित्येक दिवस वीज गेली होती, त्यामुळे लोक धास्तावलेले. आम्हाला तयार भाताची पाकिटं, केळी आणि पाणी मिळालं. मेतकूट आणि चिवडा आमच्याकडे होताच. वहिनीने आल्याआल्या बाथटब पाण्याने भरला, फोन चार्जिंगला लावले, पडदे ओढून घेतले, काच फुटलीच तर तुकडे आत उडू नयेत म्हणून. आई-बाबांच्या गोळ्या, पासपोर्ट आणि रोख पैसे एका पिशवीत घालून दाराशी ठेवले.

दुपारी साडेतीनला हवामान खात्याने टोकियोसह सात प्रांतांसाठी विशेष इशारा दिला. पाच पातळ्यांची ही पद्धत त्याच वर्षी सुरू झाली होती. पातळी ३ म्हणजे वृद्ध, आजारी, लहान मुलं असलेल्यांनी निघायचं. पातळी ४ म्हणजे धोक्याच्या जागेतल्या सगळ्यांनी. पातळी ५ म्हणजे संकट आलेलंच आहे किंवा येण्याच्या बेतात, आहात तिथे जीव वाचवा. लक्षात ठेवायचं ते हे, की ५ ची वाट बघायची नसते. आणि सोबत आई-बाबा असतील तर तुमचा आकडा ३ आहे, ४ नाही. काठी टेकत चालणारी आई बरोबर असताना हे मला जितकं पटलं, तितकं एरवी पटलं नसतं. संध्याकाळपर्यंत एडोगावा वॉर्डातल्या चार लाखांहून जास्त लोकांना घर सोडण्याची सूचना झाली होती.

फोन मधूनच सगळे एकदम किंचाळायचे, मजकूर जपानीत. भाऊ नसता तर आम्ही गांगरलोच असतो. अशा वेळी 'सेफ्टी टिप्स' हे पर्यटकांसाठीचं ॲप इंग्रजीत इशारे देतं, ते निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा.

सहा-वीसच्या सुमारास खोली हलली. आम्हाला वाटलं वारा. तो भूकंप होता! चिबाच्या समुद्रात, मोठा नव्हता. पण वादळात भूकंप म्हटल्यावर आई रामरक्षा म्हणायला लागली आणि मुलगा तिला चिकटून बसला. सातच्या आधी वादळ इझु द्वीपकल्पावर धडकलं आणि रात्री टोकियोवरून गेलं. एडोगावाच्या किनाऱ्यावर सेकंदाला ४३.८ मीटरचा झोत नोंदला गेला, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. भावाच्या घरापासून ती जागा फार लांब नाही.

अकराच्या सुमारास वारा पडला. बाबा चपला शोधू लागले. "नदी बघून येतो पाच मिनिटांत."

"बाबा, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना," भाऊ म्हणाला, "पाऊस थांबल्यावर नदी चढते म्हणून?"

बाबा थांबले. वर डोंगरात पडलेलं पाणी खाली यायला काही तास लागतात, हे त्यांनी नोकरीत आयुष्यभर पाहिलेलं. "हो रे," म्हणाले आणि येऊन पलंगावर बसले. मला वाटतं, मुलगा आता आपल्याला सांभाळतोय हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्याच पहाटे नागानोत चिकुमा नदीचा बांध फुटला. शिनकानसेनच्या दहा गाड्या यार्डात पाण्यात उभ्या असलेलं ते छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल.

आणि हाकोने? तिथे १२ तारखेच्या एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ झाला होता. तोच पाऊस डोंगरउतारावर पडला असं समजा. तिथली डोंगरातली रेल्वे पूर्ववत व्हायला जुलै २०२० उजाडला. या वादळाने जपानमध्ये शंभराहून अधिक माणसं गेली. आम्ही काय चुकवलं, ते असं आकड्यांत नंतर कळलं.

निळं आकाश

रविवारी सकाळी पडदा उघडला तर लख्ख ऊन. याला जपानीत 'ताइफू इक्का' असा खास शब्द आहे, वादळ सरल्यानंतरची स्वच्छ हवा. सेन्सोजी देवळात गेलो, गर्दी कमी, दुकानं हळूहळू उघडत होती. संध्याकाळी मेट्रोने निशि-कासाईला निघालो. तोझाई लाइन जमिनीखालून वर येते आणि पुलावरून अराकावा ओलांडते. खाली एरवी खेळाची मैदानं असतात तो काठ तपकिरी पाण्याखाली होता. बाबा काचेला नाक लावून बघत होते, मुलासारखे.

घर कोरडं होतं. आईने दूध आटवलं. टीव्हीवर जपानने स्कॉटलंडला २८-२१ हरवलं, सामन्याआधी मृतांसाठी सगळं स्टेडियम स्तब्ध उभं राहिलं होतं. बाल्कनीतून चंद्र दिसला, ढगांआडून, पण दिसला. आईने वाटी त्याला दाखवली आणि पहिला घोट नातीला दिला.

मंगळवारी बाबांच्या हट्टाने आम्ही इवाबुचीला गेलो, आकाबाने-इवाबुची स्टेशनवरून चालत. पर्यटक सहसा जात नाहीत. १९१० च्या मोठ्या पुरानंतर टोकियोसाठी एक नवी नदीच खोदली, सुमारे २२ किलोमीटर लांब. १९३० मध्ये काम पुरं झालं. आज आपण अराकावा म्हणतो तिचा खालचा भाग हाच. काम पाहणारे अभियंते आकिरा आओयामा आधी पनामा कालव्यावर काम करून आलेले. जुनी नदी म्हणजे सुमिदा, आणि दोन्ही जिथे फुटतात तिथे हे दरवाजे: १९२४ चा जुना लाल आणि १९८२ चा निळा. शनिवारी रात्री निळा दरवाजा १२ वर्षांनी पहिल्यांदा बंद झाला आणि अराकावाचं पाणी सुमिदात शिरू दिलं नाही. आम्ही नवव्या मजल्यावर मेतकूट-भात खात होतो, तेव्हा आमच्या खालची नदी या दरवाजाने धरून ठेवली होती. बाबा तिथे अर्धा तास उभे होते. फुजीची आठवण कुणालाच झाली नाही.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर: जा, जरूर जा. फक्त ऑगस्ट ते ऑक्टोबर असेल तर एक दिवस मोकळा ठेवा, रद्द करता येईल असं बुकिंग घ्या, हॉटेल वरच्या मजल्यावरचं बघा, गोळ्या चार दिवस जास्तीच्या न्या. आणि तिथे राहणारं आपलं माणूस "येऊ नका" म्हणालं तर रुसू नका. आधी कारण विचारा.

तुमच्याकडे अशी एखादी वादळातली गोष्ट असेल तर नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!