गजकर्ण बरे का होत नाही? त्वचारोगांच्या बदलत्या स्वरूपाचा वेध

जयपूर : राजस्थानातील प्रमुख शासकीय रुग्णालय असलेल्या येथील सवाई मानसिंह रुग्णालयात राज्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. अशा मोठ्या रुग्णालयांच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात देशाच्या आरोग्याचे एक महत्त्वाचे चित्र उमटते. इसब, सोरायसिस, कोड, वांग आणि तारुण्यपीटिका यांचे रुग्ण तेथे असतातच. पण त्यांच्या जोडीला बुरशी, जीवाणू आणि खरजेचे किडे यांमुळे होणारे विकार भारतासारख्या विकसनशील देशांत मोठ्या प्रमाणावर आढळतात. दाट वस्ती, पाण्याची टंचाई आणि उशिरा मिळणारे उपचार ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

ऋतुमानाचाही प्रभाव असतो. पावसाळ्यातील दमटपणा व घाम बुरशीला पोषक ठरतो. हिवाळ्यात कोरड्या हवेमुळे इसब बळावते आणि एकाच अंथरुणात झोपण्याने खरूज पसरते. गाजर गवताच्या संपर्काने होणारा त्वचादाह हा भारतातील आणखी एक परिचित विकार. हे तण १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आले आणि पुढे देशभर फैलावले.

मात्र गेल्या दशकभरात त्वचारोगतज्ज्ञांची सर्वाधिक चिंता वाढवली ती गजकर्णाने. पूर्वी काही आठवड्यांच्या उपचाराने बरा होणारा हा विकार आता महिनोन्‌महिने रेंगाळतो, पुनःपुन्हा उद्भवतो आणि घरातील अनेकांना ग्रासतो.

मलमाचा फसवा आराम

औषधांच्या दुकानात सहज मिळणारी स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांची मिश्र मलमे हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन-तीन दिवसांत कमी होते. परंतु ते त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्ती दडपत असल्याने बुरशी आतून पसरतच राहते. चट्ट्याची ओळखीची गोलाकार कडा पुसट झाल्याने निदानही कठीण होते. मलम थांबवताच खाज उसळते आणि रुग्ण पुन्हा त्याच मलमाकडे वळतो. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते व तिच्यावर कायमचे व्रण उमटतात. गोरेपणासाठी चेहऱ्यावर अशी मलमे लावणाऱ्यांच्या त्वचेच्या हानीला भारतीय डॉक्टरांनी २००८ मध्ये स्वतंत्र नावही दिले.

केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांची सवलत काढून घेत ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तथापि, नियमाची अंमलबजावणी अखेर दुकानाच्या काउंटरवरच ठरते.

औषधाला न जुमानणारी बुरशी

दुसरे कारण बुरशीतच दडलेले आहे. जपानमधील संशोधकांनी २०२० मध्ये भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांतील एका बुरशीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव दिले. टर्बिनाफीन हे प्रचलित औषध बुरशीतील ज्या विकरावर आघात करते, त्याच्या जनुकात बदल झाल्याने तिच्यावर या औषधाचा परिणाम होत नाही. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांत ती आढळल्याची नोंद झाली. त्यांपैकी एकाने नजीकच्या काळात परदेशप्रवास केलेला नव्हता.

आकड्यांची मर्यादा

बाह्यरुग्ण विभागातील नोंदी वाचताना सावधगिरी हवी. साधी खाज अंगावर काढणारे आणि सामाजिक कलंकाच्या भीतीने आजार लपवणारे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. कुष्ठरोगाबाबत हे विशेषत्वाने खरे ठरते. भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. तरीही जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतात आढळतात. जागतिक आरोग्य परिषदेने मे २०२५ मध्ये त्वचारोगांना जागतिक सार्वजनिक आरोग्याचा अग्रक्रम देणारा ठराव मंजूर केला. जगभरात कोणत्याही वेळी सुमारे १.८ अब्ज लोकांना त्वचाविकार असल्याचा अंदाज आहे.

काय करावे?

गजकर्ण झाल्यास डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत उपचार सुरू ठेवावेत, टॉवेल व कपडे इतरांना वापरू देऊ नयेत आणि घट्ट, ओले कपडे टाळावेत. खरूज असल्यास घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावणे आवश्यक. अन्यथा ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. त्वचेवरील फिकट वा लालसर चट्टा बधिर असेल, तर शासकीय आरोग्य केंद्रात विनाविलंब तपासणी करून घ्यावी. तेथे कुष्ठरोगाचे बहुविध औषधोपचार मोफत मिळतात आणि वेळीच सुरू केल्यास अपंगत्व टळते.