कासेगावची गेल

२५ ऑगस्ट हा अभ्यासक-कार्यकर्त्या गेल ऑम्व्हेट यांचा स्मृतिदिन. २०२१ साली त्या कासेगावात वारल्या, अंत्यसंस्कारही तिथेच झाले. मिनियापोलिसात जन्मलेल्या बाईची चिता वाळवा तालुक्यात पेटली, यामागे दीडशे वर्षांचं नातं आहे.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. त्या लढ्यातले फ्रेडरिक डग्लस रॉचेस्टरच्या माउंट होप दफनभूमीत आहेत, हॅरिएट टबमन ऑबर्नला. फुल्यांची इच्छा होती मिठात पुरून घेण्याची. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. वस्तीत दफन नको म्हणून नगरपालिकेने परवानगी नाकारली आणि १८९० साली त्यांना अग्नी द्यावा लागला. पुण्याने त्यांना पुढे पुतळे भरपूर दिले. मागितला होता तो खड्डा तेवढा दिला नाही.

ऑम्व्हेट यांचा बर्कलेचा प्रबंध १९७३ चा, सत्यशोधक समाजाच्या शताब्दीचा. विषयही सत्यशोधकांपासूनची ब्राह्मणेतर चळवळ. मग कासेगावचे कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्याशी लग्न, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व. ही सनावळी कुठल्याही चरित्रकोशात मिळेल.

त्यांच्या कामाचं खरं दशक ऐंशीचं. खानापूर तालुका दुष्काळाने करपलेला, गिरणी संपात हरलेले कामगार गावी परतलेले, आणि येरळेच्या पात्रातली वाळू मात्र ठेकेदारांच्या ट्रकांतून चाललेली. मुक्तिसंघर्ष चळवळीने सरळ हिशेब मांडला: नदी आमची, तर थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. बलवडी-तांदुळवाडीचं बळीराजा धरण असं उभं राहिलं. पाण्याचा वाटा घरटी ठरला, भूमिहीनांनाही. ज्याला जमीनच नाही त्याला पाणी कशाला, असं विचारणारे शहाणे तेव्हाही होते. ऑम्व्हेट यांनी या लढ्यावर लिहिलं, जगाला सांगितलं. आणि त्या नुसत्या पाहुण्या अभ्यासक नव्हत्या, चळवळीतल्याच होत्या. आज वाळूचा लिलाव बातमी होतो, घरटी पाण्याची गोष्ट कुणी काढत नाही.

कोयनानगरला तर घरटी पाण्याची ती आठवण झोंबायला हवी. इथलं धरण साठच्या दशकात उभं राहिलं, राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ मध्ये. कायद्याआधीच धरणाने उठवलेल्यांनी दाद मागायची कुठे? २०१८ मध्ये पाटणकरांच्या नेतृत्वाखाली त्यांचीच मुलं-नातवंडं कोयनानगरात ठिय्या देऊन बसली होती. मागणी जुनीच, जमिनीची.

येत्या फुले जयंतीला मंत्री हार घेऊन येतील. हार घालू द्यावा, पण गाडीत बसण्याआधी त्यांना कोयनेच्या विस्थापित खातेदारांची यादी दाखवावी आणि एकेका नावापुढे जमीन कुठे दिली ते विचारावं.